फ्रिजच्या खालच्या खणात लिली

फेब्रुवारी २०२२ मध्ये एका रिसेप्शनहून निघताना कुणीतरी स्टेजच्या सजावटीतली एक दांडी उपसून माझ्या हातात दिली. केशरी रंगाची चार फुलं उघडलेली, वर तीन मिटलेल्या कळ्या, आणि सगळ्यांची तोंडं आभाळाकडे. बेळगावात अनगोळला घरी येऊन स्टीलच्या तांब्यात ठेवली. तेरा दिवस टिकली. खालची फुलं गळत होती तशा वरच्या कळ्या एकेक करून उघडत होत्या. वास मात्र अजिबात नाही. सासूबाई दोनदा नाक जवळ नेऊन म्हणाल्या, "प्लास्टिकचं हाय काय गे हे?"

आपल्याकडे लिली म्हटलं की भलतीच फुलं डोळ्यांपुढे येतात. हारातली स्पायडर लिली, पहिल्या पावसानंतर उगवणारी गुलाबी रेन लिली, मे महिन्यातली ती चेंडूसारखी लाल फुटबॉल लिली. ही मंडळी नावाचीच लिली, कूळ निराळं. खरी लिली म्हणजे लिलियम. तिच्या कंदाला कांद्यासारखा कागदी पापुद्रा नसतो, एकावर एक चढवलेले जाड पांढरे खवले असतात. भारतात हिमालयात ती रानात सापडते, दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरात पांढरी सापडते. त्या रिसेप्शनमधली ती एशियाटिक लिली, पूर्व आशियातल्या बऱ्याच जातींच्या संकरातून तयार झालेली. गंमत म्हणजे खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात कुंपणावर चढणारी आपली कळलावी नात्याने स्पायडर लिलीपेक्षा हिला जवळची आहे.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी कंद मागवले.

मे २०२२ मध्ये ऑनलाइन सहा कंद ५४० रुपयांना घेतले. ८ जूनला आले, ११ जूनला परसात लावले. गुलछडी लावतात तसे, शेंडा वर दिसेल असे. आमच्या परसात काळी माती आहे, येळ्ळूरच्या भातशेतीकडे जाते तीच पट्टी. भाताला ती सोनं, पण जुलैत तिच्यात पाय घातला तर चप्पल आत राहते. बेळगावचा पाऊस माहीत असणाऱ्याला पुढचं सांगायला नको. एका कंदाला वीतभर दांडी आली आणि आडवी झाली. २४ जुलैला उरलेले उकरले तर बोटांत लापशी आली. वास इतका होता की दोनदा साबणाने हात धुऊनही जेवताना नाकात राहिला.

मी गप्प बसले. पतसंस्थेत ऑडिट होतं, मुलगा दहावीला होता, कारणं भरपूर. वर्षभराने, ऑगस्ट २०२३ मध्ये, परत उचल खाल्ली. या वेळी कंद घेण्याआधी वाचन केलं आणि माती तपासून घ्यायचं ठरवलं.

माती तपासणीचं सांगते, कारण घरच्या बागेसाठी कुणी ते करत नाही. वितीएवढे इंग्रजी व्हीच्या आकाराचे खड्डे चार-पाच ठिकाणी घ्यायचे, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची, सगळी एकत्र करून कागदावर पसरायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे. असं करत अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून पिशवीत भरायची. इथवर सोपं. प्रयोगशाळेतला फॉर्म मात्र कन्नडमध्ये होता. मला कन्नड बोलता येतं, बाजारापुरतं; वाचायला लागले की बसच्या पाट्यांपलीकडे गाडी जात नाही. शेजारच्या अक्का सोबत आल्या, त्यांनी भरला. शेतकऱ्याचं नाव, होबळी म्हणजे महसुली मंडळ, पीक, आणि मग सर्व्हे नंबर.

"सर्व्हे नंबर नाही, घर आहे," मी म्हटलं.

टेबलापलीकडच्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. पीक काय, असं विचारलं. अक्कांनी कन्नडमध्ये काय सांगितलं देव जाणे, पण ते हसले आणि म्हणाले, घराचा सीटीएस म्हणजे सिटी सर्व्हे नंबर लिहा, उताऱ्याची झेरॉक्स जोडा. उतारा घरी, म्हणजे दुसऱ्या दिवशी परत. तेव्हा जाणाऱ्याने आधार कार्ड आणि घराचा उतारा दोन्हींच्या झेरॉक्स नेलेल्या बऱ्या, आणि जेवणाच्या सुट्टीच्या आधी पोचावं. ५ सप्टेंबरला नमुना दिला, १९ दिवसांनी अहवाल मिळाला. सामू, म्हणजे पीएच, ७.९. चुनखडी भरपूर. स्फुरद (फॉस्फरस) आधीच जास्त. एशियाटिक लिलीला सामू ६ ते ७ लागतो. याहून वर गेला की मुळांना लोह उचलता येत नाही, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणजे २०२२ मध्ये पाऊस आला नसता तरी माझं काही खरं नव्हतं.

परसाचा नाद सोडला, कुंड्या धरल्या. नणंदेचं शेत खानापूर तालुक्यात आहे, तिकडची लाल माती दोन पोती मागवली. तिचा मुलगा टेम्पोत टाकून घेऊन आला आणि "मामी, इथं माती मिळत नाही काय?" असं विचारून चहा पिऊन गेला. मिश्रण असं केलं: लाल माती दोन घमेली, कोकोपीट एक, गांडूळखत एक, धुतलेली जाड नदीची वाळू एक. कोकोपीट तीन पाण्यांत भिजवून पिळून घ्या. त्यात मीठ असतं आणि लिलीला खारट काही सोसत नाही. वाळू म्हणून एम-सँड घालू नका, त्यातली भुकटी सिमेंटसारखी बसते. कुंड्या बारा इंची, भोकं मोठी केलेली. प्लास्टिकच्या तीन कुंड्या ४२० रुपये, कोकोपीट आणि खत मिळून ३६०.

१६ ऑक्टोबरला दहा कंद मागवले. या वेळी घेर बघून. लिलीचे कंद घेराच्या सेंटिमीटरवर विकतात, १०/१२, १२/१४, १४/१६ असे. जितका घेर मोठा तितक्या कळ्या जास्त. १४/१६ चे दहा, ८५० रुपये, वर १२० पार्सलचे. आपल्याकडे विकले जाणारे बरेचसे कंद मुळात हॉलंडहून येतात आणि शीतगृहातून बाहेर पडतात. या शीतगृहातच खरी मेख आहे. एशियाटिक कंदाला फूल धरण्यासाठी सहा ते आठ आठवडे दोन ते पाच अंशांची ओलसर थंडी मिळावी लागते. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, साडेसातशे मीटरवर आहोत, डिसेंबरात पहाटे शाल लागते. पण ती थंडी आपल्याला, कंदाला नव्हे. आपली बारा-तेरा अंशांची रात्र त्याला वाढायला छान, थंडीच्या हिशेबात मात्र ती धरलीच जात नाही. व्यापाऱ्याकडून आलेल्या कंदाची ही थंडी आधीच झालेली असते, म्हणून पहिल्या वर्षी तो कुणाकडेही फुलतो. लावण्याची वेळ तेवढी आपण सांभाळायची.

पार्सल ३० ऑक्टोबरला निघालं आणि हरवलं. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिवस; त्या दिवशी आमच्या गावात काय हलतं ते बेळगावकरांना सांगायला नको. २ तारखेला मोबाइलवर दिसलं, 'पत्ता अपूर्ण'. मी पत्त्यात बेळगाव लिहिलेलं, विक्रेत्याने त्याचं बेलगाम केलेलं, कुरियरच्या यादीत बेळगावी, आणि गल्लीचं नाव तिघांचं तीन तऱ्हेचं. ३ तारखेला अर्धी रजा टाकून उद्यमबागेकडच्या गोदामात गेले. पत्र्याची शेड, आत भट्टी, आणि माझं खोकं वॉशिंग मशीनच्या खोक्याखाली. जिवंत वस्तू मागवताना पिनकोड, मोबाइल नंबर आणि घराजवळची एखादी ठळक खूण इंग्रजीत लिहा, आणि पार्सल सोमवारी पाठवा म्हणून सांगा, म्हणजे ते रविवारी गोदामात शिजत नाही.

खोकं उघडलं तेव्हा नऊ कंदांना बोटाच्या दोन पेरांएवढे फिकट कोंब आलेले, काही वाकडे. दहाव्यावर निळसर बुरशी. पण दाबून बघितला तर टणक. कंद टणक असेल तर वरची बुरशी पुसून तो लावता येतो. मऊ पडलेला किंवा बुडाशी तपकिरी झालेला असेल तरच फेकायचा. कोंब वाकडा असला तरी मातीतून वर येताना सरळ होतो. कृषी केंद्रातून आणलेलं कॅप्टन नावाचं बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम घालून अर्धा तास बुडवले. हातमोजे घातले होते.

लावायला लगेच जमेना. रात्री अजून उबदार होत्या, आणि दिवाळी आठवड्यावर, घरात फराळाची भांडी. कंद ओलसर कोकोपीटमध्ये, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या भाजीच्या खणात ठेवले. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी कोथिंबीर काढायला हात घातला आणि पिशवी वर काढली. "ही लसूण कुठनं आणलीस? पाकळ्या बघ की केवढ्या!" अक्का तिथंच होत्या, त्याही म्हणाल्या, "बेळ्ळुळ्ळीच की!" मी हातातून काढून घेतली. त्याच संध्याकाळी डबा केला, झाकणावर मराठीत मी 'फुलाचे कंद, खाऊ नये' असं लिहिलं आणि खाली अक्कांनी तेच कन्नडमध्ये लिहिलं, कारण भांडी घासायला येणाऱ्या बाई कन्नडच वाचतात.

१८ नोव्हेंबर २०२३, शनिवारी, लावले. कुंडीत तीन-तीन, उरलेला एक जुन्या बादलीत. खाली चार-पाच इंच माती, मग कंद, आणि वर चांगली पाच इंच माती. माझी २०२२ मधली सगळ्यात मोठी चूक हीच. लिलीला मुळं दोन ठिकाणी येतात. बुडाची मुळं कंदाला धरून ठेवतात, पण झाडाला खाऊ घालतात ती कंदाच्या वर, मातीत गाडलेल्या दांडीला फुटणारी. शेंडा उघडा ठेवला तर ती मुळं फुटणार कुठे?

पहिले तीन आठवडे कुंड्या घराच्या उत्तरेच्या बोळात ठेवल्या, वर ओलं गोणपाट. मुळं धरेपर्यंत माती थंड हवी. रोज सकाळी गोणपाट उचलून बोट मातीत खुपसून बघायचं, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. २७ नोव्हेंबरला पहिला कोंब दिसला, जांभळट, एखाद्या लहानशा शतावरीसारखा. मी त्या दिवशी कामावर सगळ्यांना सांगितलं. कुणाला काही वाटलं नाही.

८ डिसेंबरला कुंड्या उन्हात काढल्या, पूर्वेकडे, अकरापर्यंतचं ऊन आणि मग हिरवी शेडनेट. दोनच कुंड्या आणि बादली मावली. तिसरी बोळातच राहिली, म्हटलं नंतर बघू. दांड्या रोज बोटभर वाढायच्या. वेळूची बारीक कामटी टेकू म्हणून लावली. वेणुग्राम नाव असलेल्या गावात टेकूला पैसे का घालवा? दर दहा दिवसांनी कॅल्शियम नायट्रेट, लिटरला एक ग्रॅम. कॅल्शियम कमी पडलं की कळी दिसायच्या सुमाराला वरची कोवळी पानं करपतात.

याच दिवसांत दिरांनी प्रेमाने मूठभर सुपर फॉस्फेट दिलं, "फुलाला स्फुरद लागतं गे, घाल." मी बादलीत चमचाभर घातलं. अहवालात स्फुरद आधीच जास्त लिहिलेला होता, पण तो परसातल्या मातीचा, असं मनाशी म्हटलं. दोन आठवड्यांत त्या एका झाडाच्या पानांचे शेंडे तपकिरी झाले, अर्धचंद्रासारखे डाग. सुपर फॉस्फेटमध्ये फ्लोराइड असतं आणि लिलीला ते सोसत नाही. बादलीतून भरपूर पाणी सोडलं, वरची माती खरवडून बदलली. झाड वाचलं, पानं मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली. दिरांना अजून सांगितलेलं नाही.

कळ्या डिसेंबर संपताना दिसल्या, पानांच्या झुपक्यात हिरव्या गव्हाएवढ्या. त्यांवर मावा येतो, तो बोटांनी पुसून काढायचा. फार झाला तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी. मावा नुसता रस पीत नाही, एका झाडाचे विषाणू दुसऱ्याला नेऊन देतो, म्हणून चालढकल करू नये. बोळातल्या तिसऱ्या कुंडीतल्या कळ्या पांढऱ्या पडून जानेवारीत एकेक गळाल्या. उजेड कमी. एशियाटिक कळीला उजेड कमी पडलेला चालत नाही. त्या कुंडीतल्या तीन कंदांचे २५५ रुपये माझ्या आळसाला गेले.

पहिलं फूल २ फेब्रुवारी २०२४ ला उघडलं, लावल्यापासून ७६ व्या दिवशी. एशियाटिकला साधारण दहा-बारा आठवडे लागतात, तर वेळेवरच. आदल्या रात्री कळीच्या हिरव्या अंगात केशरी रंग चढलेला होता. सकाळी दूध तापवताना खिडकीतून बघितलं तर एक पाकळी सुटलेली, बाकीच्या चिकटलेल्या. दूध उतू गेलं. दहाच्या सुमाराला सगळ्या उलगडल्या आणि आत सहा तपकिरी पुंकेसर, बारीक दांडीवर आडवे टांगलेले, वारा आला की हलणारे. सात कंदांना मिळून ३६ फुलं आली.

४ फेब्रुवारीला रविवारी आमचं हळदीकुंकू होतं, ते मी मुद्दाम त्या दिवशी धरलं, खोटं कशाला बोलू. दोन दांड्या कापून दारातल्या पितळी घागरीत ठेवल्या. दांडी कापताना तिचा दोन-तृतीयांश भाग पानांसकट झाडावर ठेवायचा, कारण पुढच्या वर्षाचा कंद ती पानंच भरतात. आमच्या कामावरच्या एकजणी वाण घ्यायला वाकल्या आणि पदर फुलाला घासला. इरकलीच्या फिकट पदरावर हळदीहून गडद पट्टा. सगळ्या बायका पाण्याने पुसायला धावल्या. पाणी लावू नका! लिलीचा पराग तेलकट असतो, ओला करून चोळला की कायमचा बसतो. सेलोटेप आणली, चिकट बाजू हलक्या हाताने टेकवायची आणि उचलायची, पंधरा-वीस वेळा. मग पदर उन्हात. नव्वद टक्के गेला. उरलेल्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही पुढच्या महिन्यात मांडे करून नेऊन दिले. फूल उघडल्याबरोबर, पराग फुटायच्या आत, पुंकेसर चिमट्याने काढून टाकले तर हे होतच नाही, आणि फूलही दोन दिवस जास्त टिकतं.

डाग कसा काढावा हे रात्री मोबाइलवर शोधत होते, त्यात एक वाक्य वाचलं आणि झोप उडाली. लिली मांजराला विषारी. पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड निकामी होतं. कुत्र्याचं पोट बिघडण्यावर भागतं, मांजर मरतं. अक्कांची मनी दुपारची झोप माझ्या कुंड्यांमध्येच घेते.

पहाटे उठून कुंड्या आत घ्यायच्या ठरवल्या. सहा वाजता दार उघडलं तर मनी कुंडीशेजारी बसून मिशा चाटत होती आणि नाकावर केशरी. मी तशीच नाइटीवर अक्कांच्या दारात. ओल्या फडक्याने तोंड पुसलं, टॉवेलात गुंडाळली आणि आमच्या ह्यांनी स्कूटर काढली. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, किती वेळ झाला. रात्रीतून कधीतरी, असं म्हटलं. बारा-पंधरा तासांच्या आत आणलंत तर आशा असते, म्हणाले, आणि सलाइन लावलं. दोन दिवस सलाइन, तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक होतं. एकूण १,८५० रुपये. अक्का मला पैसे देऊ देईनात, मी ऐकलं नाही. त्या तीन दिवसांत मी त्यांच्या समोरून जायची टाळत होते. ज्या बाईने माझा फॉर्म भरला, डब्यावर लिहून दिलं, तिच्याच घरी मी हे नेलं. त्या मात्र एवढंच म्हणाल्या, "तुला तरी कुठं ठाऊक होतं गे." तेव्हापासून कुंड्या गच्चीवर जाळीच्या दाराआड. घरात मांजर असेल तर एशियाटिक लिली लावूच नका. यात मी कुणालाही सूट देणार नाही.

फुलं संपल्यावर खरं काम सुरू होतं आणि त्यात बघण्यासारखं काही नसतं. वाळलेलं फूल देठासकट खुडायचं, बी धरू द्यायचं नाही. पानं हिरवी असेपर्यंत पाणी आणि पातळ खत चालू. एप्रिलमध्ये उन्हाचा पारा ३७ च्या आसपास गेल्यावर कुंड्या परत बोळात नेल्या. महिनाअखेर पानं पिवळी पडली. मेमध्ये दांडी पूर्ण वाळली तेव्हा हलकेच ओढली, ती सुटून हातात आली आणि मातीतल्या भागाला हरभऱ्याएवढे सात-आठ छोटे कंद चिकटलेले. ते वेगळ्या ट्रेमध्ये लावले. मोठे कंद कुंडीतच राहू दिले. लिलीचा कंद लसणीसारखा वाळवून टांगायचा नसतो, त्याला पापुद्रा नाही, तो सुकतो. पावसाळ्यात कुंड्यांवर पत्रा, आणि माती नुसती दमट राहील एवढंच पाणी.

२५ ऑगस्ट २०२४ ला कंद काढले. दहांपैकी सात टणक निघाले, त्यांतल्या एकाचे दोन झालेले, म्हणजे आठ. शिवणाच्या टेपने घेर मोजला. सगळ्यात मोठा १३ सेंटिमीटर. विकत घेतले तेव्हा सगळे चौदाच्या वर होते. आपल्याकडचा उन्हाळा लवकर येतो, पानांना कंद भरायला वेळ कमी मिळतो, तेव्हा घट येणारच.

सात कंद फ्रिजमध्ये घातले. आठवा मुद्दाम कुंडीतच ठेवला, थंडी न देता काय होतं ते बघायला. १८० रुपयांचा थर्मामीटर खालच्या खणात ठेवला, चार-पाच अंश भरत होते. फ्रीजरमध्ये ठेवू नका. त्याच खणात सफरचंद, केळी, पिकलेले पेरू ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो, तो आतल्या कळीचं नुकसान करतो. आता हे सांगायला ठीक आहे, पण ७ सप्टेंबरला गणपती. पंचखाद्य, नारळाचं सारण, अळू, प्रसादाची फळं, आणि वर पाहुणे. सासूबाई खण उघडून उभ्या. "गणपतीची फळं बाहेर आणि तुझी लसूण आत?" शेवटी सफरचंदं वरच्या कप्प्यात बंद डब्यात गेली, केळी टोपलीत, आणि माझा डबा अकरा दिवस अक्कांच्या फ्रिजमध्ये राहायला गेला. मनीच्या घरी. अक्कांनी तो सगळ्यात वर, दुधाच्या मागे ठेवला आणि वर दोरी बांधली.

९ नोव्हेंबरला, ७६ दिवसांच्या थंडीनंतर, लावले. तीच कुंडी, नवी माती. डिसेंबरच्या शेवटी १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी होती, गावभर रोषणाई, टिळकवाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्याकडे राहायला आलेले माहेरचे लोक रोज संध्याकाळी दिवे बघायला जायचे, मी मोबाइलच्या उजेडात गच्चीवर कळ्या शोधायची. २६ तारखेला दिसल्या. २४ जानेवारी २०२५ ला पहिलं फूल. सातांपैकी पाच फुलले, दांडीला दोन किंवा तीन फुलं, आधीच्या वर्षी पाच-सहा होती. दोघांना नुसती पानं. आणि तो थंडी न मिळालेला आठवा कंद डिसेंबर अर्ध्यावर आला तेव्हा उगवला, वीतभर झुपका होऊन बसला, आणि तसाच पिवळा पडला.

पैशांचा हिशेब विचाराल तर २०२३ पासून, मनीचा दवाखाना धरून, साडेचार हजारांच्या आत-बाहेर. एवढ्यात फूलवाल्याकडून भरपूर दांड्या आल्या असत्या. दर वर्षी नवे कंद आणणं सोपं आणि फुलं जास्त, हेही खरं. ज्यांना फक्त संक्रांत ते रथसप्तमीच्या दिवसांत दारात फुलं हवीत त्यांनी ऑक्टोबरात नवे कंद मागवावेत, नोव्हेंबरच्या मध्यावर लावावेत आणि बाकी विसरावं. मला ते जमत नाही, कारण ट्रे.

त्या ट्रेमध्ये दांडीचे छोटे कंद आहेत आणि त्याशिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये कंद काढताना सुटलेले सहा खवले. ते मी दमट कोकोपीटसह झिपच्या पिशवीत घालून मसाल्याच्या डब्यांमागे ठेवले होते. नऊ आठवड्यांनी पिशवी उजेडात धरली तर प्रत्येक खवल्याच्या तुटक्या कडेला तांदळाएवढे दोन-तीन पांढरे दाणे, खाली केसासारखं मूळ. आता त्यांना एकेक पान आहे, करंगळीएवढं. फुलायला दोन-तीन वर्षं लागतील, आणि दर वर्षी त्यांनाही फ्रिज लागणार.

ह्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, गणपती २७ ऑगस्टला आहेत. सासूबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय, खालचा खण अनंत चतुर्दशी झाल्यावर. म्हणजे ६ सप्टेंबर. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दहा आठवडे भरतात, मी मोजून बघितलं.